संदुकीतली वही

मशीन उघडण्याआधी आप्पा सदऱ्याचं गळ्यापाशीचं बटण लावत. त्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असे. वाकलं की डबी पुढे लोंबायची आणि उघड्या मशीनच्या आत कुठे तरी टेकेल अशी त्यांना धास्ती असायची. म्हणून आधी डबी सदऱ्याच्या आत, मग बटण, मग स्क्रूड्रायव्हर, हा क्रम. आमच्या नांदेडच्या कचेरीत या क्रमाला बातमीचं महत्त्व होतं. “आप्पांनी बटण लावलं,” असं पानं लावणाऱ्या टेबलाकडून ऐकू आलं की उपसंपादक घड्याळाकडे बघत. मशीन उघडलं म्हणजे पान थांबलं. आणि आमची पानं संध्याकाळी सातपर्यंत लातूरच्या छापखान्यात पोचली नाहीत तर छपाईच्या रांगेतला आमचा नंबर जायचा.

दुसरी गोष्ट त्यांच्या वहीची. पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. कचेरीतल्या कोणत्याही संगणकाला हात लागला की तिच्यात नोंद व्हायची: तारीख, काय काढलं, काय बसवलं, आणि सही. सही आप्पांचीच असेल असं नाही. “ज्यानं स्क्रू काढला त्यानं सही करायची,” हा नियम होता. पुढे कधी काही बिघडलं तर कुणाला विचारायचं ते कळावं, इतकाच त्याचा हेतू. पानं लावायला त्यांच्या शेजारी रेहाना बसायची. ती एकदा म्हणाली, “आप्पा, पंख्याचं बटण दाबलंय मी. सही करू का?” आप्पा मान वर न करता म्हणाले, “पंखा आपला न्हाई बेटा. घरमालकाचा हाय.”

बसलिंग मुळजे हे त्यांचं नाव, पण पगारपत्रकाबाहेर ते कुणी वापरत नसे. निलंग्याचे. थोरल्या भावाचं बसस्टँडजवळ भुसार दुकान होतं आणि घरात सगळे धान्य तोलत मोठे झाले होते. आप्पांनी लातूरला आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकून घेतली, मुरुडला एका दुकानात काही वर्षं टीव्ही दुरुस्त केले. लोक टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी नवा आणू लागले तेव्हा ते टायपिंग शिकले आणि पानं लावायच्या कामावर नांदेडला आले. मी तिथे आवृत्तीप्रमुख म्हणून रुजू झालो तेव्हा ते पन्नाशीला आले होते. वजिराबादेत एक खोली घेऊन एकटे राहत. शनिवारी दुपारी निलंग्याला जात, सोमवारी भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन परत येत. ती चटणी सोमवारीच संपायची, कारण कचेरीतल्या सगळ्यांना तिची वेळ माहीत होती.

पहिल्याच आठवड्यात माझा संगणक अडकला. आप्पा आले, उभे राहिले, मशीनकडे बघितलंच नाही. मला विचारलं, “ह्याच्यावर काय करून राहिलात?”

मी म्हटलं, “अडकलंय. बघा ना.”

“अडकलंय ते दिसून राहिलं. तुमचं काम काय, ते इचारलं.”

मी काम सांगितलं. बातम्या वाचणं, शीर्षकं देणं, पत्रं. त्यावर ते म्हणाले, “मंग ह्यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला लागतच न्हाईत,” आणि निम्म्या गोष्टी काढून टाकल्या. संगणक पुन्हा अडकला नाही. हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. मशीनला काय येतं हे त्यांच्या लेखी दुय्यम होतं.

पानं लावायचं मुख्य मशीन म्हणजे संदूक. हे नाव रेहानाने दिलं होतं. नांदेडला रंगीत पानं सुरू झाली तेव्हा आणलेला हा मोठा डेस्कटॉप होता. अॅल्युमिनियमची पेटी, वर आणि खाली धरायला दांडे, वजन एवढं की एका माणसाने उचलू नये. इतर संगणक आले आणि गेले, संदूक राहिली. कचेरीतला मोठा प्रिंटरही तिलाच जोडलेला होता. तिची काळजी घेण्याची आप्पांची पद्धत साधी होती. दर दोन महिन्यांनी ते तिची बाजू उघडत, सायकलच्या पंपाने धूळ उडवत आणि वहीत लिहीत: “धूळ काढली. बसलिंग.”

टाळेबंदीच्या आदल्या वर्षी मुख्य कचेरीतून पत्र आलं. पानं लावायचं सॉफ्टवेअर बदलणार होतं. नवं सॉफ्टवेअर फक्त नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणार होतं, आणि ती सिस्टिम कोणकोणत्या मशीनवर चालते त्याची कंपनीने दिलेली यादी सोबत जोडली होती. संदूक त्या यादीत नव्हती. नांदेडसाठी नव्या मशीनची तरतूद पुढच्या वर्षी बघू, तोवर नांदेडची पानं लातूरला लागतील, असं पत्रात म्हटलं होतं. म्हणजे महिनाअखेरीला नांदेडचं पानांचं टेबल बंद. आप्पा आणि रेहाना यांचं काय, त्यावर एक शब्द होता: समायोजन. तो शब्द आम्ही बातम्यांत अनेकदा छापला होता आणि त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. ते कधी दार लावत नसत.

“साहेब, संदूक नव्या सिस्टिमवर आनता येती.”

“यादीत नाही ती.”

“यादी त्यांची. मशीन आपल्याकडं हाय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. ते असं: नवी सिस्टिम सुरू होण्याआधी मशीनला तिचं नाव विचारते. नाव यादीत नसेल तर ती बसत नाही. मशीनची ताकद कमी पडते म्हणून नव्हे, नाव नाही म्हणून. “ही आपलं खरं नाव सांगती आन् ती दार लावून घेती. मंग मधी एक वळख देनारा उभा करायचा. बारका प्रोग्रॅम असतो. त्यो सांगतो, आत घ्या, वळखीची हाय. जगभर लोक असं करून राहिलेत.” जुनं ग्राफिक कार्ड मात्र नवी सिस्टिम ओळखणार नव्हती. ते बदलावं लागणार होतं.

“म्हणजे खोटं सांगायचं,” मी म्हटलं.

“खोटं कशाचं? आत गेल्यावर काम करती का न्हाई, ते बगा. न केली तर हाकला.”

“बिघडली तर?”

“जुनी डिस्क मी काढून ठेवनार. बिघडली तर परत लावू, हाय तशी. पन तुम्हाला इचारल्याबिगर हात लावनार न्हाई. हो म्हना न्हाईतर न्हाई म्हना.”

“मुख्य कचेरीला कळवायला हवं.”

“कळवलं तर न्हाई म्हनतील. त्यांचा बी दोष न्हाई, ते यादी बघूनच बोलनार.”

मी समोरची यादी घडी करून खणात ठेवली. मग म्हटलं, “करा. काही झालं तर मी आहे.”

आप्पा म्हणाले, “बास,” आणि दार उघडून गेले.

काम तीन रविवार चाललं. त्या तीन आठवड्यांत ते निलंग्याला गेले नाहीत. जुनं पण चालेल असं ग्राफिक कार्ड हैदराबादहून एका ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर आलं, टॉवेलात गुंडाळून. ते संदुकीत बसत नव्हतं. आतली एक पट्टी त्यांनी कानशीने घासली. पहिल्या रविवारी काही झालं नाही. दुसऱ्या रविवारी सिस्टिम बसली आणि आवाज गेला, नेटवर्क गेलं. रेहाना डबा द्यायला म्हणून आली होती. ती म्हणाली, “आप्पा, ही बहिरी झाली की हो.” आप्पा म्हणाले, “बहिरी चालती. मुकी झाली तर अवघड. पानं कशी धाडनार?” तिसऱ्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास नेटवर्क आलं. आवाज पुढे वर्षभर आला नाही. त्याची गरजही नव्हती.

एक दोष कायमचा राहिला. नव्या कार्डामुळे बटण दाबल्यावर पडदा दीड मिनिट काळाच राहायचा. आत सगळं चालू असायचं, पण दिसत काही नसे, आणि मग एकदम पूर्ण पडदा उजळायचा. नव्या माणसाला वाटायचं मशीन मेलं, आणि तो पुन्हा बटण दाबायचा. त्याने मात्र खरंच बिघाड होऊ शकत होता. आप्पांनी संदुकीच्या कपाळावर दोन ओळींची चिठ्ठी चिकटवली. “काळा पडदा म्हणजे बिघाड नव्हे. दीड मिनिट थांबा. अपडेट विचारलं तर ‘नंतर’ म्हणा.” तोंडी ते एवढंच सांगत, “दम धरा. तिला तोंड धुऊ द्या.”

दुसऱ्या ओळीचं कारण त्यांनी मला स्वतंत्रपणे सांगितलं होतं. कंपनीकडून येणारं प्रत्येक अपडेट आधी तपासून, मधला प्रोग्रॅम बदलून मगच घ्यावं लागे. थेट घेतलं तर ओळख पुसली जाण्याची शक्यता होती. आप्पा ते तीन-चार महिन्यांनी एखाद्या रविवारी करत आणि वहीत लिहीत.

संदूक अशी चार वर्षं चालली. मुख्य कचेरीला नव्या स्वरूपात पानं मिळत होती, ती कोणत्या मशीनवरून येतात हे कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी येणारं मशीन दर वर्षी पुढच्या वर्षी येणार होतं. टाळेबंदीत लातूरची पानं लावणारी माणसं आजारी पडली तेव्हा दहा दिवस दोन्ही आवृत्त्यांची पानं याच मशीनवरून गेली. मुख्य कचेरीने नांदेड आवृत्तीचं अभिनंदन केलं. ते पत्र माझ्या नावाने आलं. मी ते फलकावर लावलं. आप्पांनी ते वाचलं आणि म्हणाले, “छान लिव्हलंय.”

त्यांची ख्याती हळूहळू बाहेर गेली. एकदा मुदखेडचे एक मुख्याध्यापक रेल्वेने आले, शाळेचा संगणक पोत्यात घालून. दुकानदाराने त्यांना तो टाकून द्यायला सांगितला होता.

“ह्याच्यावर काय करून राहिलात?” आप्पांनी विचारलं.

“निकालपत्रकं. आणि वर पाठवायची पत्रं.”

“मंग ह्याला काय झालंय?”

“कंपनी म्हणते, हे मॉडेल आता चालणार नाही.”

“कंपनीनं तुमचं निकालपत्रक बघितलंय का?”

आप्पांनी त्यावर हलकी सिस्टिम टाकून दिली. मुख्याध्यापकांनी आधी घरी स्वतःच पेटी उघडून बघितली होती, एक स्क्रू हरवला होता. आप्पांनी वही पुढे केली. मुख्याध्यापक सही करताना म्हणाले, “इतकी शिस्त आमच्या शाळेत नाही.” आप्पा म्हणाले, “शिस्त कशाची सर. म्हातारपनी आठवत न्हाई, म्हनून लिव्हून ठेवतो.”

चौथ्या वर्षी, लग्नसराईत, आप्पा पुतणीच्या लग्नाला निलंग्याला गेले होते. मंगळवार होता. दुपारी तीनच्या सुमारास रेहाना जेवायला गेली असताना पहिल्या पानाचं शीर्षक दुरुस्त करायला मी स्वतः संदुकीवर बसलो. कोपऱ्यात एक चौकट आली. अपडेट उपलब्ध आहे. आता करायचं की नंतर. चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर होती. डेस्कवर आलेला प्रश्न प्रलंबित ठेवायचा नाही ही माझी वीस वर्षांची सवय होती, आणि दिवसभरात ती चौकट तिसऱ्यांदा आली होती. मी ‘आता’ दाबलं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पडदा काळा. मी अंदाजे चाळीस सेकंद थांबलो असेन. मग बटण दाबून धरलं.

त्यानंतर संदूक सुरू झाली नाही.

आप्पांना फोन केला. मागे वाजंत्री वाजत होती. ते म्हणाले, “कुनी काय दाबलं?” मी म्हटलं, “अपडेट झालं.” ते म्हणाले, “निघतो.” अक्षता पडायच्या होत्या. बसने उदगीरमार्गे नांदेड गाठायला त्यांना पाच तास लागले. सातची वेळ तोवर गेली होती. आमची पानं लातूरला लावावी लागली, अर्धी शिळी, आणि अंक गावोगाव उशिरा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत आप्पांनी संदूक पुन्हा उभी केली. मग वही काढली. नोंद त्यांनी दोन ओळींत लिहिली. पहिली ओळ: “अपडेट घेतलं, चालू असताना बटण दाबलं.” तिच्यापुढे जागा कोरी सोडली. दुसरी ओळ: “पुन्हा बसवलं. बसलिंग.” वही आणि पेन घेऊन ते माझ्या खोलीत आले.

मी फोनवर होतो. हाताने खूण केली, नंतर. त्यांनी वही थोडा वेळ धरली आणि परत नेली.

उशिराबद्दल मुख्य कचेरीने चौकशी लावली. त्यांचा माणूस आला, त्याने संदूक बघितली आणि यादीत नसलेल्या मशीनवर नवी सिस्टिम कशी, हा प्रश्न वर गेला. माझ्याकडून तीन प्रश्नांचं लेखी उत्तर मागवलं: बदल कुणी केला, कुणाच्या परवानगीने केला, मशीन कशामुळे बंद पडलं. त्याच महिन्यात लातूर आवृत्तीच्या प्रमुखपदासाठी माझं नाव गेलेलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. क्रम कळावा म्हणून सांगतो.

मी उत्तर लिहिलं ते असं. “सदर बदल श्री. मुळजे यांनी केले. त्यासाठी लेखी परवानगी घेण्यात आली नव्हती व मला लेखी कळवण्यात आले नव्हते. अपडेटच्या प्रक्रियेत मशीन बंद पडले.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी तो मजकूर बातमी तपासावी तसा दोनदा तपासला होता.

सहीची प्रत पाठवायची होती, म्हणून कागद छापणं भाग होतं, आणि प्रिंटर संदुकीला जोडलेला. आप्पा चहाला गेल्याचं बघून मी माझ्या संगणकावरून छपाईची आज्ञा दिली आणि उठून गेलो. प्रिंटरमध्ये कागद नव्हता. आज्ञा तशीच रांगेत राहिली. कोरे कागद घ्यायला मी खोलीत आलो तेवढ्यात आप्पा परत आले, कागद भरले आणि पत्र बाहेर आलं.

ते पत्र घेऊन आप्पा माझ्या खोलीत आले. कागद पालथा धरलेला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, सरळ केला, आणि म्हणाले, “साहेब, सही राह्यली.”

मी म्हटलं, “आप्पा, बसा.”

“पेज लावायचंय,” ते म्हणाले. त्यांनी दार लावलं नाही.

मी सही केली.

पंधरा दिवसांत नांदेडला नवं मशीन आलं. चार वर्षं ज्याची तरतूद होत नव्हती ते पंधरा दिवसांत आलं. रेहानाची नोकरी राहिली. आप्पांना लातूरला जाहिरात खात्याच्या खिडकीवर बसवण्याचा आदेश निघाला, ‘तांत्रिक कामापासून दूर’ अशा शब्दांत. त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ते सगळ्यांना भेटले, मलाही. माझ्या खोलीत उभ्यानेच म्हणाले, “संदूक टाकू नका. अजून लई चालती.” मी म्हटलं, “बघतो.” वही त्यांनी नेली नाही. ती संदुकीचीच आहे असं रेहानाला सांगून संदुकीच्या बाहेरून उघडणाऱ्या रिकाम्या खणात ठेवली.

मला लातूर मिळालं. लातूरहून निलंगा दीड तासावर आहे. पहिली दोन वर्षं मी तिकडे गेलो नाही. आप्पा भावाच्या दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल टाकून गावातले जुने संगणक चालते करून देतात, हे अधूनमधून कळे. तालुक्याच्या बातमीदाराने एकदा त्यांच्यावर चौकटीतली छोटी बातमी लिहून पाठवली होती. मजकूर चांगला होता. मी ती जागेअभावी मागे ठेवली. ती लागली नाही.

तिसऱ्या वर्षी नांदेडची कचेरी दुसऱ्या जागेत गेली आणि रेहानाचा फोन आला. “सर, संदूक भंगारात निघालीय. जिन्याखाली होती इतके दिवस. तुम्हाला सांगितलं पाहिजे असं वाटलं.” मी ती मागवून घेतली. अंक वाहणाऱ्या जीपमधून ती लातूरला माझ्या घरी आली. एका कोपऱ्याला पोचा पडला होता. चिठ्ठी होती. खणात वही होती.

त्या दुपारी मी आप्पांना फोन केला.

“साहेब. बोला.” आवाज तोच होता.

“आप्पा, संदूक माझ्याकडे आलीय.”

“हाव का. कशी हाय?”

“धूळ बसलीय. तुम्ही एकदा येऊन बघता का? गाडी पाठवतो.”

“त्यावर काय करून राहिलात?”

“काही नाही. नुसती चालू व्हावी.”

पलीकडे कुणी तरी तूरडाळीचा भाव विचारत होतं. आप्पांनी भावाकडे बोट दाखवलं असावं. मग ते म्हणाले, “काम ठरवा अगोदर साहेब. काम नसताना उगं कशाला उघडायची?” आणि पुढे, “वही हाय का आत?”

“आहे.”

“मंग बगा.”

मी वही उघडली. शेवटची नोंद तीच होती. पहिल्या ओळीपुढची जागा कोरी होती. सही करायला पेन उचललं आणि ठेवलं. ही सही त्यांच्यासमोर व्हायला हवी, असं मी ठरवलं. निलंग्याला जायचं, वही घेऊन. पुढच्या रविवारी. त्या रविवारी नगरपालिकेच्या निवडणुकीची पुरवणी होती. त्यापुढच्या रविवारी आणखी काही होतं. असे सात महिने गेले. वही माझ्या बॅगेत होती. ती मी रोज कचेरीत नेत होतो आणि रोज परत आणत होतो.

आप्पा दुकानातच गेले, टेबलापाशी बसलेले असताना. हे मला रेहानाने कळवलं, दुसऱ्या दिवशी. तोवर त्यांना समाधी दिली गेली होती. मी तिसऱ्या दिवशी निलंग्याला पोचलो.

थोरले भाऊ दुकानात होते. दुकान उघडं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर एक संगणक बाजू काढलेल्या अवस्थेत होता आणि मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांत स्क्रू वेगवेगळे ठेवलेले होते. भाऊ मला घरात घेऊन गेले. आप्पांच्या पत्नी, ज्यांना आम्ही कधी बघितलं नव्हतं पण ज्यांची चटणी आम्ही नऊ वर्षं खाल्ली होती, चहा घेऊन आल्या.

“हे नांदेडचे साहेब,” भाऊ म्हणाले.

“हो का,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाव लई घ्यायचे.”

मी कप खाली ठेवला.

“म्हनायचे, साहेबांनी हो म्हनलं म्हनून चार वर्षं पेज नांदेडला राह्यलं. दुसरा असता तर यादी दाखवून मोकळा झाला असता. मी आहे म्हनले म्हने तुम्ही.”

“नोकरी का सोडली ते कधी बोलला न्हाई,” भाऊ म्हणाले. “आम्ही इचारलं. म्हनला, नवं मशीन आलं, आता माझं तिथं काम न्हाई.”

नांदेडला माझ्या खोलीत मी हो म्हटलं तेव्हा दार लावलेलं होतं आणि आम्ही दोघंच होतो. साक्षीदार नाही, हे पत्र लिहिताना मी गृहीत धरलं होतं. आप्पांनी ते घरी सांगितलेलं होतं. परवानगी सांगितली होती. पत्राचं सांगितलं नव्हतं.

वही माझ्या बॅगेत, बॅग पायाशी. सांगायची जागा तीच होती आणि ऐकणारी माणसंही तीच. मी चहा संपवला. काकूंनी जाताना शेंगांच्या चटणीची पुडी दिली. ती घेतली आणि लातूरची बस पकडली.

घरी आल्यावर वही काढली. कोऱ्या जागेत सही केली आणि खाली तारीख घातली, त्या दिवशीची, कारण मागची तारीख घालता येत नाही. निलंग्याला जे सांगितलं नाही ते काकूंना लिहून पाठवायचं ठरवलं: बदल करा असं मी म्हटलं होतं, अपडेट मी घेतलं होतं, पत्र मी लिहिलं होतं. कुणी केलं ते प्रत्येक ओळीपुढे. त्यांच्यासाठी आणि ज्यांनी आप्पांना बघितलं नाही त्यांच्यासाठीही.

संदुकीवरची धूळ पुसली. पडदा जोडला. उघडायची गरज नव्हती. शेवटची उघडली होती ती आप्पांनी, आणि ती त्यांनी चालू करूनच ठेवली होती. काम ठरलं होतं. बटण दाबलं.

पडदा काळा राहिला. या वेळी मी थांबलो.